नेपाळच्या 'आंतरराष्ट्रीय' फुटबॉल स्पर्धेला पुतणीला पाठवावं का?

पऱ्हाटी (धागाकर्ता)
१० जानेवारी २०२६, रात्री ९:१५

मंडळी, घाटंजी तालुक्यातून लिहितोय. घरात एक निर्णय अडून बसलाय आणि तो मला एकट्याला झेपत नाही.

धाकट्या भावाची मुलगी, तेरा वर्षांची, आठवीत. घरी तिला चिमी म्हणतात. दोन वर्षांपासून गावातल्या पोरांसोबत शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळते. मैदान म्हणजे काळी माती. पावसाळ्यात पाय उचलत नाही असा चिखल, आणि आता जानेवारीत बोटं जातील एवढ्या भेगा. गोलपोस्ट म्हणून बल्ल्या रोवल्यात, जाळी नाही. गेल्या जुलैत यवतमाळला सुब्रोतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हास्तरीय सामन्यात ती सतरा वर्षांखालच्या मुलींमध्ये खेळली, कारण त्या स्पर्धेत मुलींचा तेवढा एकच गट असतो. बूट माझ्या मोठ्या मुलीचे, दोन नंबर जास्त. पुढे बोटांपाशी घरचाच कापूस कोंबला होता. दहा मिनिटांत त्याचा गोळा होऊन तळव्याखाली आला. हाफटाइमला तिनं बूट काढले, कापूस फेकला, लेस घोट्याभोवती दोन वेढे देऊन आवळली आणि पुन्हा मैदानात उतरली. आम्ही ३-१ नं हरलो. आमचा तो एक गोल तिचा, डाव्या पायाचा.

तिथं ट्रॅकसूटमधले एक गृहस्थ भावाचा नंबर घेऊन गेले. डिसेंबरात त्यांचा फोन आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत नेपाळला 'आंतरराष्ट्रीय युवा फुटबॉल स्पर्धा' आहे, मुलीची 'भारतीय संघात' निवड झाली आहे, प्रवास, राहणं, ट्रॅकसूट धरून ३८,००० रुपये भरायचे. १०,००० जानेवारीअखेर. इथून थेट देशाच्या संघाचा रस्ता उघडतो, असं ते म्हणाले.

भावाची चार एकर कोरडवाहू. यंदा पावसानं खालची बोंडं सडली. जो कापूस हाती आला तो घरात भरून ठेवलाय. हमीभाव लांब धाग्याला ८,११० आहे, म्हणजे ३८ हजार म्हटले की पावणेपाच क्विंटल गेला. भाऊ म्हणतो, विकतो, लेकीचं नशीब आहे. वहिनी गप्प आहे. मला या खेळातलं काही कळत नाही. अशा स्पर्धेत खेळून पोरीला पुढे खरंच काही संधी आहे का? आणि ही नाही, तर मग कोणती?

वणीचा
१० जानेवारी, रात्री ९:४०

आधी एकच करा. एक रुपयाही भरू नका. बाकी इथले जाणकार सांगतील.

तीन एकर ओलीत
१० जानेवारी, रात्री ११:०५

भाऊ, तिवस्याकडचा आहो मी. हात जोडून सांगतो, पैसे भरू नका.

आमचं पोट्टं दोन वर्षाआधी गेलतं. असंच पत्र आलतं, तिरंगा, शिक्का, सही, सारं. आमाले वाटलं पोरगा देशाकडून खेळून राह्यला. गावानं फ्लेक्स लावला, सरपंचानं शाल देली. नागपूरवरून रेल्वेनं गोरखपूर, तिथून जीपनं सोनौली, मंग रातभर बस. वापस आला तं मी इचारलं, कोण्या कोण्या देशाच्या टीम होत्या बाबू? काही बोलेच ना. दोन दिवसांनी मायजवळ बोलला. चार टीम होत्या म्हणे. दोन आपल्या महाराष्ट्रातल्या, एक उत्तर प्रदेशाची अन् एक तिथल्या शाळेची. वीस-वीस मिनिटांच्या तीन मॅचा झाल्या अन् सोन्याचं मेडल भेटलं.

दहावीच्या वाढीव मार्कासाठी ते प्रमाणपत्र शाळेत देलं, तं चाललं नाही. पैशाचं दुःख मी गिळलं. पण पोट्ट्यानं फुटबॉल सोडला. त्याले आता वाटते का सारंच खोटं असते. मेडल देवघरात हाये, तो तिकडं पाहत नाही. माह्या पोराचा पाय चांगला होता भाऊ. ते मले रात्री आठवते.

पीटीचे सर
११ जानेवारी, सकाळी ६:२०

वरचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या शाळेतूनही एक मुलगा असाच गेला होता आणि मी त्या पालकांना थांबवलं नाही. तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं.

मी केळापूर तालुक्यात शारीरिक शिक्षण शिकवतो. पऱ्हाटी दादा, देशाच्या संघात निवड कशी होते ते आधी समजून घ्या, म्हणजे त्या फोनमधली खोट आपोआप दिसेल. देशाचा संघ निवडण्याचा अधिकार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला आहे. त्याच्याखाली महाराष्ट्राची संघटना, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, आणि तिच्याखाली जिल्हा संघटना. राज्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळतो, तिथून शिबिराला बोलावणं येतं. ज्या खेळाडूला देशाकडून बोलावतात त्याच्याकडून प्रवासाचे पैसे कोणी मागत नाही. एका जिल्हा सामन्यात कुणीतरी बाहेरून पाहिलं आणि 'भारतीय संघात' घेतलं, असं होत नसतं.

नेपाळच का, हेही सांगतो. भारतीयांना तिथं जायला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. मुलांना सीमेपार नेलं की 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द छापता येतो.

प्रमाणपत्राचं तिवस्याच्या दादांनी लिहिलंच आहे. सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण घ्यायचं तरी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे प्रमाणपत्राची पडताळणी होते. स्पर्धा कोणत्या संघटनेची आणि तिला मान्यता आहे का, हे तिथं पहिल्यांदा बघतात.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आमच्या मुलांचं खरं दुखणं वेगळं आहे, ते म्हणजे मॅच. विदर्भात उन्हामुळे शाळा उघडतात जूनच्या शेवटी. सुब्रोतोच्या तालुका-जिल्हा फेऱ्या जुलैत. दोन आठवडे जेमतेम सराव होतो तोच पाऊस सुरू. मग एक मॅच. हरलात की बाहेर. थोड्या दिवसांनी शालेय क्रीडा स्पर्धा, तीही बाद पद्धतीची. पुन्हा एक मॅच. माझ्या वहीत गेल्या वर्षीची नोंद आहे : माझ्या सर्वात चांगल्या मुलीनं अख्ख्या वर्षात चार सामने खेळले, वीस-वीस मिनिटांचे. एकूण १६० मिनिटं. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात एकच सामना ९० मिनिटांचा असतो. म्हणजे माझ्या पोरीचं वर्षभराचं फुटबॉल तिथल्या दोन सामन्यांएवढंही भरत नाही.

सासर पुणे माहेर पुसद
११ जानेवारी, दुपारी १:१०

मी थोडं वेगळं बोलते. सगळे नाही नाही म्हणताय, पण आपल्या गावच्या मुली यवतमाळच्या पुढे गेलेल्या नसतात. बाहेर पडली, चार मुलींसोबत राहिली, रेल्वेत बसली, तर धीट होईल. भले ती स्पर्धा छोटी असेल. आणि पैसे भरून जायच्या सगळ्याच स्पर्धा खोट्या असतात असं नाही ना? स्वीडनमधल्या गोथिया कपला तर जगभरातून संघ फी भरून जातात.

कामठीची लेफ्ट विंग
११ जानेवारी, रात्री ८:३०

पुसदच्या ताईंचं अर्धं बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. गोथिया कप १९७५ पासून गोथेनबर्गला होतो, फी भरूनच संघ जातात आणि तरीही ती अस्सल स्पर्धा आहे. २०२५ मध्ये मोहालीच्या मिनर्व्हा अकादमीच्या मुलांनी तिथं आपल्या वयोगटाचं विजेतेपद मिळवलं. म्हणजे पैसे कोण भरतं यावरून काही ठरत नाही. समोर कोण खेळणार, किती सामने मिळणार आणि पाठवणारा रोज मैदानावर शिकवतो का, यावर ठरतं. मिनर्व्हाची मुलं वर्षभर एकत्र सराव करतात. चिमीला ज्या संघात नेणार आहेत त्यातली एक तरी मुलगी तिनं पाहिली आहे का? आणि धीटपणाच हवा असेल, तर तेरा वर्षांच्या मुलीला अनोळखी माणसाबरोबर परमुलखात पाठवून तो आणू नये. सोबत महिला प्रशिक्षक कोण आहे, एवढं विचारून बघा.

आता माझ्याबद्दल थोडं. कामठीत फुटबॉल घराघरात आहे. रब्बानी क्लबच्या नावानं आमच्याकडे लहान पोरंही भांडतात. माझे भाऊ नागपूरच्या लीगमध्ये खेळायचे, मी भिंतीवरून बघायची. मी उशिरा मैदानात उतरले, राज्याच्या निवडीपर्यंत पोचले आणि तिथं थांबले. आता मुलींना शिकवते. त्यामुळे संधीबद्दल जे लिहिते ते गोड करून लिहिणार नाही.

२०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक आपल्याकडे झाला तेव्हा महाराष्ट्रात १५ सप्टेंबरला दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा उपक्रम झाला होता. आठवतो ना? शाळाशाळांत चेंडू आले होते. त्या स्पर्धेत यजमान म्हणून भारत होता. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. मला त्यातला कोलंबियाचा सामना पाठ आहे. ८२ व्या मिनिटाला कॉर्नर आला, जॅक्सन सिंगनं उंच उडी घेऊन हेडर मारला, आणि फिफाच्या स्पर्धेत भारताचा पहिला गोल झाला. आम्ही घरात ओरडत होतो. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं गोल केला. आपली मुलं अजून आनंदातच होती, आणि समोरच्यांनी चेंडू मध्यावर ठेवून सरळ चाल केली. कौशल्य त्या मुलांकडे होतं. पण गोल झाल्यावर पुढची दोन मिनिटं कशी काढायची हे शंभर सामने खेळूनच अंगात येतं. पीटीच्या सरांनी १६० मिनिटं लिहिलीत ती याच जागी येऊन बोचतात.

त्या संघातल्या २१ जणांत ८ मुलं मणिपूरची होती. आपल्या महाराष्ट्राचा अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढलेला. कोल्हापूर काय, मणिपूर काय, तिथं लहान पोराला दर आठवड्याला मोठ्यांच्या गर्दीसमोर खेळायला मिळतं.

सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक २०२२ मध्ये आपल्याकडे झाला. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. कर्णधार अष्टम ओरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, मजूर आईवडिलांची मुलगी. तिच्या नावानं गावात रस्ता मंजूर झाला आणि त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील रोजीनं होते. त्या ०-८ वर लोकांनी फार वाईट लिहिलं. मला त्या मुलींचा अभिमान वाटला होता, आजही वाटतो. अमेरिकेच्या मुली लहानपणापासून लीग खेळत आलेल्या, आणि आपल्यातल्या कित्येकींच्या गावात गवताचं मैदान नाही.

आणि आता बघा. गेल्या ऑक्टोबरात आपल्या सतरा वर्षांखालच्या मुलींनी उझबेकिस्तानला २-१ हरवलं, मागे पडून जिंकल्या, आणि यंदाच्या चीनमधल्या आशियाई स्पर्धेत वीस वर्षांनी जागा मिळवली. मुलांनीही नोव्हेंबरअखेर अहमदाबादला इराणला २-१ हरवून सौदी अरेबियातल्या आशियाई स्पर्धेचं तिकीट काढलं. २०२५ पासून २०२९ पर्यंत मुलींचा हा विश्वचषक दरवर्षी मोरोक्कोत आहे, २४ संघांचा. आधी दोन वर्षांतून एकदा व्हायचा. एखादी मुलगी चुकीच्या वर्षी जन्मली म्हणून तिची संधी जायची, ते आता होणार नाही. २०२९ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतरचा जन्म लागेल. चिमी त्यात बसते का?

बसत असेल तर तीन-साडेतीन वर्षं हातात आहेत. पोचेलच असं मी म्हणणार नाही, फार थोड्या पोचतात. पण दोन नंबर मोठ्या बुटात डाव्या पायानं जिल्ह्याच्या सामन्यात गोल करणारी तेरा वर्षांची मुलगी मला बघायची आहे. तिचा खेळ दाखवणारा व्हिडिओ आहे का?

पऱ्हाटी
१२ जानेवारी, रात्री १०:००

कामठीच्या ताई, व्हिडिओ भाच्यानं काढला होता, दीड मिनिटाचा, हलतोय. व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.

जन्माबद्दल विचारलंत म्हणून आज पेटी उघडली आणि घाबरलोच. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर नोव्हेंबर २०१२ आहे. ते बरोबर, दिवाळीच्या दिवसांतली आहे ती. पण शाळेत आणि आधारवर १ जून २०१२. पहिलीत घालताना वय भरत नव्हतं म्हणून गुरुजींनी जून टाकला होता. तेव्हा कुणाला काय ठाऊक. यानं काही अडेल का?

क्ष-किरण
१२ जानेवारी, रात्री १०:४५

अडेल. मी वर्ध्याला एका रुग्णालयात एक्स-रे काढतो, खेळाडूंच्या वयाच्या तपासणीचे कितीतरी एक्स-रे आमच्याकडे झालेत. डाव्या मनगटाचा आणि पंजाचा काढतात. हाडांच्या टोकाशी वाढीची पट्टी असते, ती वयासोबत हळूहळू बुजत जाते, त्यावरून हाडाचं वय काढतात. फिफा मुलांच्या सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत २००९ पासून मनगटाचा एमआरआय करते. पट्टी पूर्ण बुजलेली दिसली की मुलगा बाद.

तुमच्या पोरीचं हाड काही खोटं बोलणार नाही, दोन्ही तारखा एकाच वर्षातल्या आहेत. अडचण कागदाची आहे. दोन कागदांवर दोन तारखा असल्या की तपासणारा आधी संशय घेतो. मी असे मुलगे पाहिलेत की ज्यांचं वय खरं होतं आणि कागदापायी शिबिरातून परत आले. एकाची आई बाहेर बाकावर बसून होती. तिला कळतच नव्हतं की पोराची चूक काय.

दाखला खिडकी
१३ जानेवारी, सकाळी ११:३०

ग्रामपंचायतीत संगणकावर काम करतो, म्हणून लिहितो. तुमचं सोपं आहे, कारण जन्माची नोंद वेळेवर झालेली आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि तालुक्याला खेटे. तुम्हाला नोंद करायची नाही, शाळेची तारीख दाखल्याप्रमाणे करून घ्यायची आहे. मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या, सोबत जन्मदाखला, आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र. ते शिक्षण विभागाकडे प्रस्ताव पाठवतील. पोरगी शाळेत आहे तोवर हे होतं. दहावी झाली आणि बोर्डाच्या कागदावर तारीख चढली की फार जड जातं. शाळेचं झालं की मग आधार. उलट्या क्रमानं जाऊ नका.

कामठीची लेफ्ट विंग
१३ जानेवारी, रात्री ९:१०

व्हिडिओ पाच वेळा पाहिला. गोल सोडा, गोल कुणालाही होतो. चाळिसाव्या सेकंदाला बघा. चेंडू अजून तिच्याकडे यायचाय आणि तिनं मान वळवून मागे बघून घेतलं. चेंडू आला तेव्हा मागे कोण आहे हे तिला आधीच ठाऊक होतं, म्हणून पहिल्याच स्पर्शात ती बाहेरच्या बाजूला वळली. हे शिकवायला मला एकेका मुलीवर वर्ष घालावं लागतं. हिला कुणी शिकवलं?

दुसरीकडे, चेंडू तिच्या पायापासून हातभर पुढे जातो. काळ्या मातीवर चेंडू अडतो, म्हणून ती जोरात ढकलते. गवतावर तोच स्पर्श समोरच्या मुलीच्या पायात जाईल. याला उपाय गवतावर खेळणं हाच. सुट्टीत पंधरा दिवस माझ्याकडे कामठीला राहू द्या. आई सोबत आली तर फार बरं. खर्च जेवणाचा, तोही मी बघते.

पऱ्हाटी
१८ जानेवारी, रात्री ८:५०

उशीर झाला, तूर सोंगणी सुरू आहे.

त्या गृहस्थांना मी स्वतः फोन केला. पीटीच्या सरांनी निरोपात सांगितलेले तीन प्रश्न विचारले : राज्य संघटनेचं परवानगीपत्र आहे का, समोर कोणते संघ आहेत, मुलींसोबत महिला प्रशिक्षक कोण. पहिल्या प्रश्नालाच ते म्हणाले, पत्र मागता म्हणजे तुमचा विश्वास नाही, मग जागा दुसऱ्या मुलीला देतो. आणि ठेवला. त्या दुसऱ्या मुलीचं काय होईल, हे डोक्यातून जात नाही.

भाऊ दोन दिवस बोलला नाही. चिमीला मी सगळं खरं सांगितलं, तिवस्याच्या दादांनी इथं लिहिलेलंही वाचून दाखवलं. ती रडली. मग तिनं विचारलं, त्या दादाची पोझिशन कोणती होती?

मान वळवून बघायचं कुणी शिकवलं, तेही विचारलं. कुणी नाही म्हणाली. मैदानाच्या मागून बैलबंडीची वाट जाते, खेळताना मागे बघावंच लागतं.

शाळेत अर्ज दिला आहे. काल यवतमाळहून बूट आणले, तिच्याच मापाचे.

तीन एकर ओलीत
१८ जानेवारी, रात्री ९:३०

गोलकीपर होता भाऊ. सांगा तिले.

पीटीचे सर
१९ जानेवारी, सकाळी ६:०५

१६० मिनिटांचं मनातून जात नव्हतं. आजूबाजूच्या पाच शाळांशी बोललो. दोन केळापूरच्या, तीन घाटंजीच्या. मुलींचे सात-सातचे संघ, दर रविवारी, प्रत्येकीनं प्रत्येकीशी दोनदा. हरलं तरी पुढच्या रविवारी मॅच आहेच. १ फेब्रुवारीपासून सुरू केलं आणि दर रविवारी प्रत्येक संघाला दोन मॅच दिल्या, तर ऊन तापायच्या आधी एकेका मुलीला आठ मॅच मिळतात. दहावीच्या मुलींना परीक्षेमुळे घेता येणार नाही. पंच मी आणि माझे एक मित्र. नेण्या-आणण्याला एका पालकाचा टेम्पो आहे, डिझेलपुरते पैसे जमवावे लागतील.

वणीचा
१९ जानेवारी, सकाळी ९:००

पहिल्या दोन रविवारचं डिझेल माझ्याकडे.

तीन एकर ओलीत
१९ जानेवारी, दुपारी २:२०

सर, पोट्ट्याले इचारलं. पोरींच्या गोलकीपरले शिकवाले एक रविवार येईन म्हणते. मी घेऊन येतो त्याले. मोटारसायकलनं दूर आहे, पण येतो.

पऱ्हाटी
१९ जानेवारी, रात्री ९:४५

दादा, या. जेवायला आमच्याकडेच.

पहिला रविवार आमच्या मैदानावर ठेवू सर, सकाळी ७ वाजता. भेगा बुजवायला भाऊ ट्रॅक्टरवर माती आणतो म्हणाला, स्वतःहून म्हणाला. लाइनींसाठी चुन्याच्या दोन पिशव्या घेतल्यात. जुने बूट चिमीनं शेजारच्या गावच्या गोलकीपर पोरीला देऊन टाकले. तिला कापसाशिवाय बसतात.